भोपळ्यांचा हंगाम

५ जानेवारी, सोमवार

काल तेहतीस पूर्ण. प्रॅक्टिसनंतर पोरींनी केक कापायला लावला. केकवर गोल मारणारी बाई, पाय हवेत, केस उडतायत. दरवर्षी हीच. डिफेंडरचा केक कोण बनवतच नाही, बॉल बाहेर भिरकावणारी बाई साखरेत कशी दिसणार!

आज मॅनेजरने ऑफिसात बोलावलं. चहा दिला तेव्हाच कळलं, काहीतरी वाईट आहे. ‘ताई, करार मेपर्यंतच आहे. टीम वरच्या लीगला गेली तर एक वर्ष वाढवू. नाही गेली तर... तुम्ही समजदार आहात.’ समजदार म्हटलं की मला शिवी दिल्यासारखं होतं.

चौदा वर्षं फुटबॉल खेळतेय. चार क्लब झाले. वरच्या लीगमध्ये एक मिनिट नाही खेळले. मला तिथे खेळायचंय. एकदा तरी. लिहून ठेवते, म्हणजे उद्या ‘तसं काही नव्हतं’ म्हणता येणार नाही.

११ जाने., रवि.

पहिली मॅच. भोपळा!! खाल्लेले गोल शून्य. बाकीच्या जगात भोपळा मिळाला की पोरगं घरी रडत येतं, आमच्या धंद्यात तोच पेढा. आपण १, त्या ०.

गुडघा ठीक. बर्फ लावला.

बाला, माझ्या बापाला, फोन केला. बा नेऱ्याला एका शेटच्या फार्महाऊसवर राखणीला आहे, बारा वर्षं झाली. आई गेल्यापासून तिथंच राहतो. रविवारी शेटचे पाहुणे असतात, म्हणून माझी एकही मॅच त्याने बघितलेली नाही. नेहमीचं बोलणं.

‘किती मारलेस, बाय?’

‘नाय मारला.’

‘मंग दीड तास काय केलंस?’

चौदा वर्षं हेच चालू आहे.

१४ जाने., बुध.

संक्रांत. आमच्या कोच सरांनी तिळगूळ दिला आणि लगेच चिंचोके. गोड बोला वगैरे त्यांच्या कोल्हापुरात नसावं.

चिंचोके म्हणजे आम्हा मागच्या चौघींसाठी सरांचा नियम. प्रॅक्टिसच्या आधी प्रत्येक मुठीत पाच चिंचोके. मुठी मिटून खेळायचं. समोरचीची जर्सी ओढायला गेलीस की चिंचोके खाली. ऑफसाइड मागायला हात वर करून पंजा उघडलास की खाली. शेवटी मोजून परत. जितके कमी तितक्या फेऱ्या.

नवी आलेली ऐशू आज माझ्या बाजूला खेळली. नवीन पनवेलची, बाप मोठ्या कंपनीत, बूट माझ्या भाड्याएवढे. दहातले सात सांडले. ‘सर, सीरियसली? सीड्स?’ सर म्हणाले, ‘व्हय, सीरियसली. सात फेऱ्या मार, मग बोलू.’

मी दहाच्या दहा परत दिले. सहा वर्षांत एक सांडला नाही. उगाच नाही, त्यामागे कारण आहे. आज लिहीत नाही.

१८ जाने., रवि.

भोपळा. २–०.

शेवटी शेवटी कॉर्नरवर कॉर्नर. सगळे डोक्याने काढले. ऐशू म्हणते, ताई, तुमचं डोकं दुखत नाही का? म्हटलं, आईबरोबर भट्टीवर सुट्टीभर विटा वाहिल्यात डोक्यावरून, ही मान तिथली आहे. तिने स्वतःची मान चोळली. मग म्हणाली, ‘माझी मान लॅपटॉपची आहे.’ हसले मी. पोरगी वाईट नाही. फक्त आपल्याच गोलसमोरून आडवा पास देते, तेव्हा गळा दाबावासा वाटतो.

२५ जाने., रवि.

भोपळा!!! सलग तीन. हॉटेलात थाळी, वर बासुंदी. सर म्हणाले, जास्त हवेत जाऊ नका. आणि स्वतः तीन वाट्या खाल्ल्या.

१ फेब्रु., रवि.

दोन खाल्ले. ०–२. पहिला ऐशूच्या त्या आडव्या पासवर. दुसरा माझ्यामुळे, वळताना उशीर झाला. समोरची एकोणीस वर्षांची. गेली निघून, मी तिची पाठ बघत राहिले.

कोणाशी बोलायचं नाही आज.

२ फेब्रु.

बोलले. ऐशू स्कूटरवर विचुंब्याला खोलीवर आली, इडल्या घेऊन. रडली. मी म्हटलं, अगं एका पासवर काय रडतेस, मी तर याहून मोठं करून बसलेय. विचारलं काय, सांगितलं नाही. इडल्या चांगल्या होत्या. आठ खाल्ल्या.

८ फेब्रु., रवि.

१–०, आणि गोल कोणाचा? ऐशूचा! कॉर्नरवर लॅपटॉपच्या मानेने मारला. भोपळा माझा, गोल तिचा, म्हणजे आज दोन्ही डिफेंडरांचं राज्य.

बाला सांगितलं. तो म्हणाला, ‘बग, ती मारते. तू पन शिक तिच्याकरनं.’ फोन ठेवला मी. हसू की रडू.

१५ फेब्रु., रवि.

भोपळा. गुडघ्याला सूज. फिजिओ म्हणते दोन दिवस विश्रांती. बरं म्हटलं. (घेतली नाही.)

२२ फेब्रु., रवि.

भोपळा! आपण ३. आता हिशेब सोपा. पुढची मॅच तीन आठवड्यांनी, १५ मार्चला, आपल्याच मैदानावर, कळंबोलीला. शेवटची. बरोबरी झाली तरी आपण वरच्या लीगला. समोर पुण्याची टीम.

पुण्याची टीम म्हणजे तीच.

लिहूनच टाकते आता, पोटात ठेवून काय उपयोग.

सहा वर्षांपूर्वी. तेव्हाही शेवटची मॅच, तेव्हाही बरोबरी पुरत होती, तेव्हाही याच पुण्याच्या पोरी. शेवटची दोन मिनिटं. त्यांच्या नऊ नंबरला पास गेला, मला शंभर टक्के वाटलं ऑफसाइड, पास सुटायच्या आधीच ती आम्हा सगळ्यांच्या पुढे. हात वर केला आणि थांबले. लाइनवरच्या माणसाने झेंडा वर केलाच नाही. ती एकटी गेली आणि मारला. आपण तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, मागे बॉल जाळीत आणि पुढे मी, हात वर करून, हजेरीला ‘हजर’ म्हणणाऱ्या शाळेतल्या पोरीसारखी.

सर ओरडले नाहीत. म्हणाले, ‘तुला काय रेफ्रीनं नेमलंय? झेंडा त्याचा, शिट्टी त्याची. तुझं काम पळायचं. शिट्टी वाजस्तवर पळायचं.’ दोन दिवसांनी पिशवीतून चिंचोके काढले. ते माझ्यासाठी आणले होते. बाकीच्यांना माझ्यामुळे भोगावे लागतात, त्यांना माहीत नाही.

त्यांची नऊ नंबर अजून तीच आहे.

२ मार्च, सोम.

होळीला नेऱ्याला. वाडीत संध्याकाळी होळी, त्याआधी दुपारभर बाजवळ फार्महाऊसवर बसले. शेट नव्हता. चिकू पिकायला आलेत, आंब्याला बारक्या कैऱ्या. तेवढ्यात डोंगराकडून वानरं आली, वीसेक तरी असतील.

मला वाटलं बा काठी घेऊन धावेल. तो नुसता उठला, चिकूच्या झाडात आणि वानरांत मध्ये जाऊन उभा राहिला. मोठा हुप्प्या डावीकडे सरकला, बा दोन पावलं डावीकडे. तो उजवीकडे, हा उजवीकडे. ओरडणं नाही, दगड नाही. दहा मिनिटं असंच. शेवटी हुप्प्या कंटाळला, टोळी घेऊन ओढ्याकडे गेला.

मी बघतच राहिले. म्हटलं, ‘बा, हाकलत का नाय तू?’

‘हाकललं का तो दुसऱ्या झाडाव जातो. मी त्याच्या मागं, बाकीचे हितं. मंग झालं! त्याला वाट दावायची नाय, येवडंच.’

‘आणि तो थकेपर्यंत उभा?’

‘तो थकतो. आमी थकत नाय.’

बापरे. चौदा वर्षं कोचिंगवाल्यांनी फळ्यावर बाण काढून जे सांगितलं ते माझा बाप चपलेशिवाय करतोय! मी त्याला म्हटलं, बा, मी पण हेच करते. हेच. गोल मारत नाय, वाट दावत नाय. तो माझ्याकडे बघत राहिला. ‘म्हंजे राकन?’

‘राखण.’

‘मंग आधी का नाय बोललीस?’

आधी का नाही बोलले? मलाच माहीत नव्हतं, असं थोडंच सांगता येतं!

होळीत नारळ टाकला. मागितलं काय ते लिहायची गरज नाही.

५ मार्च, गुरु.

ऐशूला वानराची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘ताई, तुमचे बाबा लेजंड आहेत.’ आज तिचा एकच चिंचोका सांडला. ती सारखी सारखी ‘हुप्प्या, हुप्प्या’ करत सरकत होती, सरांना वाटलं पोरीला ऊन लागलं.

१० मार्च, मंगळ.

गुडघा कुरकुरतोय. फिजिओला सांगितलं नाही. सांगितलं तर बसवतील.

१३ मार्च, शुक्र.

बाचा फोन, स्वतःहून.

‘मी येतंय आयतवारी.’

‘आणि शेट?’

‘शेटला बोललो, माज्या पोरीची म्याच हाय. तो बोलला पाहुनं येनार हाईत. मी बोललो येऊ दे.’

बारा वर्षांत पहिली सुट्टी. म्हटलं, ‘टोपी घालून ये, ऊन असतं.’

१५ मार्च, रवि. (सकाळ)

पोहे गेले नाहीत. केळं गेलं. गोलकीपर रुखसानाचा रोजा आहे आणि ती आमच्यात सगळ्यात शांत. ‘अल्लाने आज खाण्याचंच मना केलंय,’ म्हणाली, ‘गोल खाणं पण त्यातच आलं.’

१५ मार्च, रवि. (घरी)

भोपळा भोपळा भोपळा!!!!!!

०–०. आपण वर. वर वर वर.

नीट लिहिते.

पहिल्या अर्ध्यात काही नाही. नऊ नंबर आता तिशीची, पण चलाख. मी वाट दाखवली नाही. डावीकडे, उजवीकडे. दोनदा चिडून तिने मला कोपर मारलं, तेव्हा कळलं थकायला लागली.

बा कुठे बसलाय शोधत होते. सगळं मैदान बॉलकडे बघतंय आणि हा माझ्याकडे. बॉल त्या टोकाला असला तरी माझ्याकडेच. डोक्यावर माझीच जुनी क्लबची टोपी.

शेवटची सहा-सात मिनिटं. त्यांचा मधून लांब पास. नऊ नंबर निघाली, आमच्या पुढे दोन पावलं. साफ ऑफसाइड. डावीकडे दिसलं, ऐशूचा हात वर. तिसरीचा वर. रुखसाना पण जागच्या जागी, हात वर. माझा खांदा उचलला गेला. खरंच उचलला गेला. मूठ उघडली नाही एवढंच. आणि पाय पळत होते.

किती पळले माहीत नाही. आयुष्यभर पळालेलं सगळं तिथेच आलं. तिने रुखसानाच्या बाजूने ढकलला, बॉल सावकाश गोलकडे चाललेला, मी घसरले आणि लाइनवरून टाचेने बाहेर काढला. गुडघा खांबावर. आवाज आला. माझ्या आतून.

आणि मग शिट्टी. मान वर केली तर लाइनवरच्या बाईचा झेंडा वर. म्हणे केव्हाचा वर होता. ऑफसाइड! गोल गेला असता तरी धरलाच नसता! ऐशू धावत आली, ‘ताई, फ्लॅग होता! ताई, उगाच!’ मी मातीत पडून हसायला लागले. थांबताच येईना. तेव्हा थांबले तर झेंडा नव्हता, आता पळाले तर झेंडा होता. माझं आणि झेंड्याचं जमायचंच नाही.

बदली खेळाडू संपल्या होत्या. एका पायावर उभी राहिले. शेवटचा कॉर्नर डोक्याने काढला. आईच्या विटा. मग लांब शिट्टी आणि सगळ्या माझ्या अंगावर. मी ओरडतेय गुडघा, गुडघा, कोण ऐकतंय!

सर आले. डोळे लाल. मी म्हटलं, ‘सर, उगाचच पळाले.’ ते म्हणाले, ‘तू झेंडा बघितलास?’ नाही. ‘शिट्टी वाजली होती?’ नाही. ‘मग उगाच कसं? ह्येच शिकवायला माझी सहा वर्षं गेली, पोरी.’ आणि पाठ फिरवली. रडत होते. मीही.

मूठ उघडली तेव्हा तळव्यावर नखांचे चार वण. उजव्या हातावर. फोटोतल्या त्याच हातावर.

बा कठड्यापाशी उभा. गर्दीत पुढे यायला लाजत होता. मीच लंगडत गेले. वाटलं आता विचारेल, किती मारलेस. त्याने टोपी काढली, हातात धरली.

‘किती आडवलेस, बाय?’

‘सगळे.’

मान हलवली त्याने. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांसमोर.

१६ मार्च, सोम.

गुडघा भोपळ्याएवढा. काय योगायोग.

फोन थांबत नाही. आश्रमशाळेतल्या पी.टी.च्या सरांचाही आला. पोरीला बॉल जमत नाही, पळणं जमतं, म्हणून ज्यांनी मला मागे उभं केलं, ते. ‘मागेच राहिलीस ना?’ म्हणाले. म्हटलं, मागेच राहिले, सर. वर गेले.

मॅनेजर पेढे घेऊन दारात! करार आणला, एक वर्ष, वरची लीग. खाली बारीक अक्षरात, वैद्यकीय तपासणीच्या अधीन. ‘फॉर्मॅलिटी आहे, ताई.’ माझ्या पायाकडे बघून म्हणाला.

सही केली नाही अजून. टेबलावर आहे.

१७ मार्च, मंगळ.

एमआरआय. त्या नळकांड्यात अर्धा तास. हलायचं नाही म्हणाले. दोन्ही मुठी मिटून पडून राहिले. बाहेर आल्यावर तंत्रज्ञ म्हणाला, एवढं स्थिर कोणीच राहत नाही. म्हटलं, सहा वर्षांची प्रॅक्टिस आहे.

काय दिसलं ते मात्र सांगेना. रिपोर्ट शुक्रवारी. पाडव्याची सुट्टी मध्ये आली.

ऐशू बाहेर बसून होती. रडवेली. ‘ताई, मी हात वर नसता केला तर तुम्हाला पळावं लागलं नसतं.’ मी खिशातून दहा चिंचोके काढून तिच्या हातात दिले. म्हटलं, ‘सांडू नकोस.’

१९ मार्च, गुरु. पाडवा

नेऱ्याला, बाजवळ. ऐशूने स्कूटरवरून आणून सोडलं, पाय सरळ धरून, सगळा रस्ता ‘खड्डा, ताई, खड्डा’ करत. शेटने गुढी लावून घेतलीय बाकडून, स्वतः मुंबईला.

चिकूचं झाड बघितलं आणि दचकले. एक फळ नाही. कैऱ्या अर्ध्या खाली, चावून टाकलेल्या. फांद्या मोडलेल्या.

‘बा, हे काय?’

‘आयतवारी मी नव्हतो ना.’ हसत होता! ‘वानरांनी साफ केलं सगलं. पाहुन्यांनी फटाकं वाजवलं, भांडी वाजवली, धावली पन मागं. तो हुप्प्या त्यांना हिकडून तिकडं नाचवत व्हता म्हनं.’

‘शेट ओरडला?’

‘आदी वरडला. मंग झाडाखाली उबा राऊन बोलला, तू हितं नक्की करतोस तरी काय ते आज कललं मला.’ बिडी काढली, पेटवली नाही. ‘बारा वरसं झाली, बाय. पयल्यांदाच बोलला कोन.’

करार पिशवीत घेऊन आले होते. का आणला माहीत नाही. बाला वाचता येत नाही, तरी त्याने दोन्ही पानं उलटून बघितली, सहीची रिकामी जागा बोटाने दाखवली. ‘हितं तुजं नाव?’

‘उद्या डॉक्टर सांगेल. कदाचित दोन महिने पट्टी. कदाचित ऑपरेशन. मग वर्ष गेलं. मग कोण ठेवतंय मला.’ पहिल्यांदा मोठ्याने बोलले. बोलल्यावर रडायला आलं. चार दिवस ठेवलेलं सगळं आलं. मला तिथे खेळायचंय, बा. आता दार उघडलंय आणि माझाच पाय.

तो उठला. पाटावर माझा पाय उचलून ठेवला, खाली उशी सरकवली. मग डोंगराकडे बघून उठला. वानरं परत आलेली, ओढ्याच्या काठाने, पुढे तोच हुप्प्या.

‘झाडावर आता काय नाय, बा. कशाला उठतोस?’

‘पुडच्या वरसाला यील की.’

जाऊन मध्ये उभा राहिला. मी इथून बघतेय. हुप्प्या डावीकडे, बा डावीकडे.

पेन मागून घेतलं होतं ऐशूचं. तेच हातात आहे. रिपोर्ट उद्या अकराला. सही आत्ताच केली.